हिरवळ, गांडूळ आणि दोन यंत्रे

प्रश्न तसा अगदी घरगुती होता. गेल्या एप्रिलमध्ये मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, मुलीच्या घरी होतो. तिकडे एप्रिल म्हणजे वसंताचा आरंभ. हिवाळाभर दडपून गेलेली अंगणातली हिरवळ नुकती उघडी पडली होती. पण हिरवळ म्हणावी असे तीत फारसे काही उरले नव्हते. घरापुढे गवत पिंगट झालेले, पाय टाकावा तर गादीवर टाकल्यासारखा दबणारे. घरामागे, जिथे मुले चेंडू खेळतात तिथे, जमीन ओट्यासारखी टणक.

जावईबापू अवजारे भाड्याने देणाऱ्या दुकानात गेले आणि परत आले ते प्रश्न घेऊनच.

"बाबा, दुकानात दोन यंत्रं आहेत. एक जमिनीला भोकं पाडतं आणि दुसरं गवत विंचरून काढतं. दुकानदार म्हणतो, यातलं एक न्या. आता कोणतं आणू?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. माळीकाम मला येत नाही. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कोणतीही वस्तू पुढे आली की तो विचारतो, ही आली कधी, आणि येण्यापूर्वी लोकांचे कसे चालत होते? इंग्लंडमध्ये हिरवळी शेकडो वर्षे आहेत. ही दोन यंत्रे सर्वसाधारण वापरात येऊन मात्र फार तर सत्तर-ऐंशी वर्षे झाली. मग त्याआधी जमिनीला भोके कोण पाडत होते? आणि गवत विंचरत कोण होते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जे सापडले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम ही दोन कामे काय ती नीट समजून घेऊ.

जमीन सारखी तुडवली गेली की मातीच्या कणांमधल्या बारीक फटी बुजतात. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि पावसाचे पाणी आत न मुरता वरच्या वर वाहून जाते. आपला शेतकरी कोळपणी करून जमिनीची वरची खपली फोडतो, त्यात हेही एक कारण असते. पण हिरवळीत कोळपे चालवून कसे भागेल? सगळे गवतच उपटून निघायचे. म्हणून हे पहिले यंत्र पोकळ दातांनी दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या सुरळ्या उपटून काढते आणि तिथेच टाकते. गवत जागच्या जागी राहते आणि मुळांपर्यंत हवापाण्याची वाट मोकळी होते.

दुसऱ्या यंत्राचे काम निराळे. हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर, मेलेली खोडे, आडवे धावणारे फुटवे आणि जुनी मुळे यांचा एक गुंता साचत जातो. इंग्रजीत त्याला थॅच म्हणतात. झोपडीच्या गवती छपराला जो शब्द, तोच हा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. तेव्हा आपण ह्या थराला शाकार म्हणू. छप्पर जे करते तेच हा शाकारही करतो, म्हणजे पाणी खाली उतरू देत नाही. अर्ध्या इंचापर्यंत तो असला तर बरेच; मुळांना गारवा मिळतो, पायाला मऊ लागते. पण त्याहून जाड झाला की मुळे मातीत शिरायच्या ऐवजी त्या शाकारातच वाढू लागतात, आणि पहिल्या कडक उन्हात गवत माना टाकते. दुसरे यंत्र आपल्या उभ्या पात्यांनी हा थर चिरून, दंताळ्यासारखा ओढून वर काढते.

आता इतिहास.

जुन्या इंग्लंडात हिरवळ ही श्रीमंतांची चैन होती. फ्रान्सिस बेकनने १६२५ साली बागांवर निबंध लिहिला, त्यात बारीक कापलेल्या हिरव्या गवताची तोंड भरून स्तुती केली आहे. पुढे अठराव्या शतकात 'केपेबिलिटी' ब्राउन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराने सरदार-जमीनदारांच्या वाड्यांच्या भिंतींपर्यंत गवत आणून भिडवले. हे गवत कापायचे कशाने? लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने. दंव असताना गवत चांगले कापले जाते, म्हणून माणसे पहाटेच कामाला लागत. त्यांच्या मागून झाडणारे आणि गोळा करणारे चालत. एवढा नोकरवर्ग पोसण्याची ऐपत असेल त्यानेच हिरवळीचा शौक करावा!

ह्या माळ्यांचा एक जुना शत्रू होता. रात्रीतून हिरवळीवर मातीच्या बारीक बारीक ढिगुल्या उठत. सकाळी त्या लवचीक काठीने फटकारून विखरायच्या, वर रूळ फिरवायचा आणि मग कापणी. ह्या ढिगुल्या घालणारा प्राणी म्हणजे गांडूळ. माळ्यांचा त्याच्यावर भारी दात होता.

पण त्याच काळात एका माणसाने गांडुळाची बाजू घेतली. हँपशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे खेडे आहे. तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री राहत असे. गावातले पक्षी, किडे, झाडे पाहावीत आणि मित्रांना पत्रे लिहावीत, हा त्याचा छंद. त्याची पत्रे १७८९ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतल्या १७७७ सालच्या एका पत्रात तो गांडुळाविषयी लिहितो. त्याचे सांगणे थोडक्यात असे की, हा प्राणी जमीन भोकसतो, भुसभुशीत करतो, पावसाच्या पाण्याला आणि मुळांना वाट करून देतो, आणि गवताच्या काड्या व पानांचे देठ जमिनीत ओढून नेतो. माळी आणि शेतकरी त्याचा द्वेष करतात खरे. पण गांडुळे नाहीशी झाली तर जमीन थंड, कठीण आणि नापीक होईल.

श्रोते हो, जरा थांबून पाहा. जमिनीला भोके पाडणे आणि वरच्या काड्या खाली ओढून नेणे. दुकानदाराने जी दोन यंत्रे पुढे केली, त्या दोन्हींचे काम व्हाइटने १७७७ सालीच एका गांडुळाच्या नावावर लिहून ठेवले होते!

पण पत्रे वाचून माळी थोडेच बदलतात? उलट पुढे असे काही घडले की गांडुळाचे शत्रू वाढले. ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कापण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या एका कारागिराच्या मनात आले, कापडाची लव कापते तर जमिनीची का नाही? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लवकरच इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने परवाना घेऊन तसली यंत्रे बनवायला सुरुवात केली. दहा माणसांचे काम एकदोघांवर आले, आणि सरदाराच्या वाड्यापुढची हिरवळ हळूहळू वकिलाच्या, डॉक्टराच्या आणि कारकुनाच्या दारात आली.

मात्र विळ्याला मातीची ढिगुली जेवढी अडत नव्हती तेवढी ती ह्या यंत्राला अडू लागली. पाते जमिनीलगत फिरणार. त्यात माती गेली की धार बोथट होते, आणि रुळाखाली ढिगुली चिरडली की गवतावर चिखलाचा डाग पडतो. हिरवळ जितकी सपाट आणि तुळतुळीत हवी झाली, तितके गांडूळ डोळ्यांत खुपू लागले.

याच शतकात गांडुळाला त्याचा सर्वांत मोठा वकील मिळाला. चार्ल्स डार्विनने १८३७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे गांडुळांवर एक निबंध वाचला होता. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो विषय त्याच्या मनातून गेला नाही. केंट परगण्यातल्या डाउन गावी घराजवळच्या एका शेतात १८४२ साली खडूचे तुकडे पसरले गेले होते. एकोणतीस वर्षे थांबून त्याने तिथे चर खणला. ते पांढरे तुकडे सात इंच खाली एका ओळीत सापडले! ते कोणी पुरले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली होती. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत एकेका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याने हिशेब मांडला. कुंड्यांतली गांडुळे पियानोवर ठेवून सूर वाजवला असता ती बिळात शिरतात, हेही त्याने पाहिले. जगातला एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हातारपणी गांडुळांना पियानो ऐकवीत बसला होता, हे चित्र मला फार आवडते.

पुस्तक खूप खपले. पण लोकांनी ते वाचले आणि हिरवळीवर मात्र विष टाकले. ह्या विषाची हकिकत आपल्याला जरा जवळची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये गोल्फची मैदाने आणि चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या हिरवळी भराभर वाढल्या. ह्या खेळांत चेंडू जमिनीवरून घरंगळत जायचा, तेव्हा गांडुळाची एक ढिगुलीसुद्धा खपायची नाही. ह्यावर जो उपाय सर्रास चालू झाला तो होता मोहाच्या पेंडीचा. होय, आपल्याच मोहाच्या! विदर्भातल्या आणि मध्य भारतातल्या जंगलांत ज्याची फुले आदिवासी बाया पहाटे वेचतात, तोच हा मोह. त्याच्या बिया हिंदुस्थानातून युरोपात जात. तेल साबण-मेणबत्त्यांना लागे. राहिलेल्या पेंडीत साबणासारखे फेसाळणारे एक विषारी द्रव्य असते, म्हणून ती गुरांना चालत नाही. पाण्यात टाकली तर मासे गुंगतात, हे आपल्याकडच्या रानातल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. ती पेंड हिरवळीवर पसरून भरपूर पाणी घातले की गांडुळे शेकड्यांनी वर येत, आणि ती झाडून, फावड्याने भरून नेत. ह्या पेंडीला तिकडे नावच होते 'मोऱ्हा मील'. आपल्या रानातले झाड परक्या मुलखात जाऊन गांडुळांचा काळ झाले!

ती पेंड तरी निदान जमिनीत कुजून जाणारी होती. पुढचे उपाय अधिक जहाल होते. शिसे आणि सोमल यांचे संयुग असलेले लेड आर्सेनेट आले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेन आले. अमोनियम सल्फेट हे खतही कित्येकांनी मुद्दाम वापरले, कारण त्याने जमीन आंबट होते, आणि आंबट जमिनीत गांडुळे टिकत नाहीत.

ह्या आंबटपणाचे पुढे काय होते हे जगाला दिसत होते. इंग्लंडमध्ये हार्पेंडनजवळ रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली गवताच्या कुरणावर खतांचा एक प्रयोग सुरू केला. तो अजून चालू आहे. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, त्यांची माती अतिशय आंबट झाली. तिथून गांडुळे गेली. आणि जमिनीवर मेलेल्या गवताचा न कुजलेला जाड थर साचत राहिला. शेजारच्या वाफ्यांत, जिथे गांडुळे होती, तिथे असा थर नव्हता. म्हणजे शाकाराचे मूळ कारण चुन्याच्या रेषेपलीकडे उघडे पडलेले होते.

पण गोल्फच्या मैदानांवर माणसांनी दुसराच मार्ग धरला. गांडूळ नको आणि शाकारही नको, जमीन भुसभुशीत मात्र हवी. तर मग यंत्र करा! अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टॉम मास्कारो या गृहस्थाने १९४६ साली जमिनीतून मातीचे तुकडे काढून भोके पाडणारे यंत्र आणले, आणि त्यानंतरच्या दशकात उभ्या पात्यांचे, शाकार चिरून काढणारे यंत्रही त्यानेच पुढे आणले. मैदानांसाठी ती उपकारकच ठरली. रोज शेकडो माणसे जिथे चालतात तिथली जमीन केवळ गांडुळांच्या भरवशावर मोकळी राहत नाही, हेही खरे आहे.

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत हिरवळ घरोघर गेली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली. एका साच्यातली सतरा हजारांहून अधिक घरे, आणि प्रत्येकापुढे हिरवळ. ती आठवड्यातून एकदा कापलीच पाहिजे, अशी करारात अट होती! अशा वसाहती देशभर झाल्या. हिरवळीबरोबर खताची पोती, कीटकनाशकांचे डबे, आणि त्यांच्या मागोमाग भाड्याची ही दोन यंत्रेही घरोघर पोचली.

ह्या विषांची किंमत केवळ गांडुळांनीच दिली असे नाही. मिशिगनमध्ये एका विद्यापीठाच्या आवारात एल्मच्या झाडांवर डीडीटी फवारले गेले. ते पानांतून गांडुळांत गेले आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत. वसंतात हिरवळीवर मेलेले रॉबिन सापडू लागले. रेचेल कार्सनने १९६२ साली आपल्या पुस्तकातून ही हकिकत जगापुढे मांडली. लेड आर्सेनेटचा कीटकनाशक म्हणून वापर अमेरिकेत १९८८ साली कायद्याने संपला आणि ब्रिटनमध्ये क्लोरडेन १९९२ साली बंद झाले. पण शिसे आणि सोमल कुजून जात नाहीत. जिथे ती पडली तिथल्या मातीत ती आजही आढळतात.

दरम्यान शास्त्रज्ञ पुन्हा गांडुळाकडे वळले होते. १९६० च्या दशकातल्या संशोधनातून असे दिसले की शाकार कापलेल्या पात्यांचा बनत नाही. ती लवकर कुजतात. तो बनतो लवकर न कुजणाऱ्या खोडांचा आणि मुळांचा. पुढे केंटकी विद्यापीठात डॅनियल पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाकाराचे तुकडे जाळीच्या पिशव्यांत घालून हिरवळीत ठेवले. काही पिशव्यांची जाळी गांडूळ आत जाईल अशी, काहींची जाऊ शकणार नाही अशी. १९९० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिथे गांडुळांना प्रवेश होता तिथे शाकार विरला, त्यात माती मिसळली गेली. जिथे नव्हता तिथे तो बहुतेक जसाच्या तसा राहिला. गिल्बर्ट व्हाइटचे म्हणणे दोनशे तेरा वर्षांनी प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह परत आले!

सगळा दोष विषाचाच, असे मात्र मी म्हणत नाही. भरमसाट नत्रखत, रोजचे वरवरचे पाणी, काही गवतांच्या जातीच मुळात दाट फुटव्यांच्या, ह्या सगळ्यांचा त्यात भाग आहे. गांडुळे कमी आणि गवताची वाढ जास्त झाली की शाकार चढायचाच. जमेपेक्षा खर्च मोठा झाला की कर्ज वाढावे, तसेच ते.

असो. जावईबापू अजून दारात उभे आहेत! त्यांना मी म्हटले, "यंत्र आणायच्या आधी स्वयंपाकघरातली सुरी आणा."

घरापुढच्या हिरवळीतून आम्ही पुरणपोळीचा तुकडा कापावा तसा तीन-चार इंच खोल एक तुकडा कापून काढला. वर हिरवी पाती, खाली काळी माती, आणि मधे तपकिरी काथ्यासारखा थर. पट्टी लावली, जवळजवळ एक इंच भरला. त्यात एकही गांडूळ दिसले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आधीचे मालक वर्षातून चार वेळा खतं नि औषधं टाकून घेत असत."

मागच्या अंगणात तसाच तुकडा कापू गेलो तर सुरी शिरेना. कसाबसा निघाला. शाकार पाव इंचही नव्हता, पण माती विटेसारखी. तिथे मात्र दोन गांडुळे सापडली. नातू ती तळहातावर घेऊन घरभर दाखवीत फिरला.

म्हणजे एकाच घराला दोन उत्तरे होती. मागच्या अंगणाला भोके पाडणारे यंत्र हवे होते, आणि पाऊस पडून माती ओलसर झाल्यावर हवे होते. कोरड्या जमिनीत त्याचे दात रुतत नाहीत आणि चिखलात चालवले तर जमीन अधिकच दबते. ते काम आम्ही त्याच महिन्यात केले. मातीच्या सुरळ्या तिथेच राहू दिल्या. पावसात त्या विरघळून गेल्या. पुढच्या अंगणाला विंचरणारे यंत्र हवे होते, पण एप्रिलमध्ये नव्हे. तिकडचे गवत थंड हवेचे. त्याची खरी उभारी सप्टेंबरात येते. वसंतात एवढा जाड थर एकदम ओरबाडला तर उघड्या पडलेल्या मातीत उन्हाळी तण आधी रुजते आणि गवत मागे पडते. तेव्हा वसंतात हातदंताळ्याने हलकेच वरवर विंचरायचे आणि मोठे काम सप्टेंबरवर ठेवायचे, असे ठरले. शिवाय मातीच्या सुरळ्या शाकारावर पडल्या तर त्याला कुजवणारे सूक्ष्म जीव त्यातून मिळतात. म्हणून अगदीच ठरवता येईना तर भोके पाडणारे यंत्र आधी आणावे. ते दोन्ही कामांना थोडे थोडे उपयोगी पडते.

आपल्याकडे हा हिशेब ऋतूने उलटतो. आपली हिरवळ बहुधा हरळीची. जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो आणि जिला शेतातून काढताना शेतकरी मेटाकुटीला येतो, तीच ही. अमेरिकेत हिलाच बर्मुडा गवत म्हणतात. ही उष्ण हवेची. तिला ओरबाडायचे ते उन्हात, वाढ जोमात असताना आणि पाणी हाताशी असताना. नियम मात्र दोन्हीकडे एकच: जखम करायची ती भरून येण्याच्या दिवसांत करायची.

आम्ही सप्टेंबरचे काम ठरवले, पण त्याहून मोठा निर्णय वेगळाच झाला. खत वर्षातून एकदा, बेताचे. औषध मुळीच नाही. कापलेले गवत तिथेच राहू द्यायचे. ज्या मोहाच्या पेंडीने एकेकाळी परदेशातल्या हिरवळींवरची गांडुळे मारली, तो मोह जिथे फुलतो त्याच महाराष्ट्रात आज आपण गांडूळखताची पोती पैसे देऊन घरी आणतो. फुकट राबणाऱ्या गड्याला घालवून दिले की त्याचे काम भाड्याच्या यंत्राने तरी करावे लागते, नाही तर पोत्यातून विकत तरी घ्यावे लागते.

परत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात पाऊस झाल्यानंतर चार-पाच ढिगुल्या उठल्या होत्या. जावईबापू पायाने त्या सपाट करायला निघाले. मी म्हटले, "राहू द्या हो. तुमचं तिसरं यंत्र कामाला लागलंय."